एक गुणसूत्र जास्त, एक नाव कमी

आमच्या घाटाखालच्या बोलीत 'ळ' फारसा टिकत नाही. डोळ्याचा डोया होतो, काळ्याचा काया होतो आणि भोळ्याचा भोया. यातला शेवटचा शब्द बहुतेक गावांत कुणा ना कुणा माणसाला जन्माचा चिकटलेला असतो. ठेंगणा बांधा, गोल चेहरा, किंचित तिरपे डोळे, बसके नाक, जड जीभ. लग्नाच्या पंगतीत तो पाण्याचा जग घेऊन फिरतो, सप्त्यात टाळ धरून शेवटपर्यंत उभा राहतो, एसटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला ओळख असो-नसो हात करतो. "भोयं हाय बिचारं, देवाचं मानूस," असे म्हणून कुणी त्याला चहा पाजते, कुणी जुना सदरा देते.

मलकापूर आणि नांदुरा यांच्यामध्ये महामार्गावर असलेले वडनेर भोलजी हे माझे गाव. गावाच्या नावातच भोळेपणाचा नाद आहे. आणि खेडी अशा माणसांशी मायेने वागतात, हे मी बँकेच्या सदतीस वर्षांच्या नोकरीत ठिकठिकाणी पाहिले आहे. तरीही या 'भोया' शब्दाबद्दल माझी एक तक्रार आहे. तो उच्चारला की पुढचे विचारणे थांबते. याचे पूर्ण नाव काय, वय किती, शाळेत घातले होते का, छाती कधी तपासली का, बापाच्या शेतात याचा वाटा लागला आहे का, यातले काहीच कुणी विचारत नाही. माया असते, पण माहिती नसते. आणि माहिती नसली की कागद होत नाहीत.

ज्या अवस्थेबद्दल मी लिहितो आहे तिला डॉक्टर डाऊन सिंड्रोम म्हणतात. यातल्या 'डाऊन'चा अर्थ 'खाली' असा नाही. ते एका इंग्रज डॉक्टरचे आडनाव आहे. जॉन लँगडन डाऊन हे इंग्लंडमधल्या अर्ल्सवूड येथील मतिमंदांच्या आश्रमाचे प्रमुख होते. १८६६ साली त्यांनी या मुलांचे सारखे दिसणारे चेहरे, सारखी शरीराची ठेवण यांचे पहिले नीट वर्णन केले. निरीक्षण अचूक होते, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा होता. चेहरा मंगोलियातल्या लोकांसारखा दिसतो म्हणून त्यांनी या मुलांना त्या वंशाचे नाव दिले, आणि पुढची शंभर वर्षे वैद्यकाच्या पुस्तकांत ही मुले 'मंगोल' म्हणूनच राहिली. १९६१ साली काही शास्त्रज्ञांनी हा शब्द टाकून द्यावा असे जाहीरपणे मांडले. १९६५ साली खुद्द मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे हरकत घेतली, तेव्हा कुठे तो शब्द मागे पडला. माणसाला चुकीच्या नावाने हाक मारायची सवय केवळ आमच्या खेड्यातच आहे असे नाही.

खरे कारण सापडले १९५९ साली, पॅरिसमध्ये. मार्त गोतिए या तरुण डॉक्टरबाईंनी पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली होती. तिथल्या कामातून जेरोम लेजून आणि त्यांचे सहकारी यांनी जाहीर केले की या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असते. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, म्हणजे एकूण ४६. निम्मी आईकडून आलेली, निम्मी बापाकडून. स्त्रीबीज किंवा शुक्रजंतू तयार होताना प्रत्येक जोडी सुटून तिच्यातले एकच गुणसूत्र पुढे जायचे असते. कधी कधी एकविसावी जोडी सुटतच नाही, दोन्ही गुणसूत्रे एकाच बीजात राहतात. त्यात दुसऱ्या बाजूचे एक मिळाले की तीन होतात. एकविसावे गुणसूत्र सर्वांत लहान, पण त्याच्यावरही दोनशेहून अधिक जनुके असतात. त्यांचे काम दीडपट होते आणि त्याचा परिणाम मेंदू, हृदय, स्नायू, सगळीकडे थोडाथोडा दिसतो. सुमारे ९५ टक्के मुलांत घडते ते एवढेच.

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितो आहे, कारण आपल्याकडे असे मूल जन्मले की पहिला जबाब आईला द्यावा लागतो. ग्रहणात विळी हाती घेतली होती का, सातव्या महिन्यात नदी ओलांडली होती का, पपई खाल्ली होती का, कुणाच्या मुलाला हसली होती का! यातल्या कशाचाही गुणसूत्रांशी काडीचा संबंध नाही. मामाच्या मुलीशी लग्न केले म्हणून हे झाले, असेही म्हणता येत नाही. जोडी सुटण्याची चूक बहुतेक वेळा गर्भ राहण्याआधीच होऊन गेलेली असते. आईचे वय वाढते तशी तिची शक्यता वाढते, हे मात्र खरे आहे. पंचविशीच्या आईला साधारण साडेबाराशे जन्मांत एक, पस्तिसाव्या वर्षी साडेतीनशेत एक आणि चाळिसाव्या वर्षी शंभरात एक, असे हे प्रमाण धरतात. पण आपल्याकडे बहुतेक बाळंतपणे विशीतच होतात. त्यामुळे अशी पुष्कळ मुले तरुण आयांच्याच पोटी येतात, आणि 'एवढ्या लहान वयाच्या बाईला असे कसे झाले' म्हणून तिच्यावरचा संशय उलट वाढतो.

गुणसूत्रांची तपासणी एकदा तरी करून घ्यावी, ती याचसाठी. शंभरात तीन-चार मुलांत जादा गुणसूत्र सुटे नसते, दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला चिकटलेले असते. अशा वेळी ते आईकडून किंवा बापाकडून आलेले असू शकते. मग पुढच्या मुलाचा विचार करण्याआधी दोघांचीही तपासणी लागते. गरोदरपणातही आता रक्ताच्या आणि सोनोग्राफीच्या चाचण्या होतात. काय करायचे हा निर्णय त्या जोडप्याचा. मात्र तो घेताना त्यांनी हे ओळखून असावे की चाचणी गुणसूत्रांची संख्या सांगते. मूल किती बोलेल, किती शिकेल, घरात कसे वावरेल, हे ती सांगत नाही.

बाळ घरी आल्यावर पहिली गोष्ट तपासायची ती त्याचे हृदय. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. बाळ दूध ओढताना दमते, घामेजते, वजन धरत नाही, आणि घरचे म्हणतात, "अशी मुले नाजूकच असतात." तिथे वेळ जातो. यातले मोठे दोष पहिल्या काही महिन्यांतच शस्त्रक्रियेने दुरुस्त करायचे असतात. उशीर झाला की फुप्फुसांतला रक्ताचा दाब वाढून बसतो आणि मग शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. त्यांनी शोधायच्या आजारांच्या यादीत डाऊन सिंड्रोम आणि हृदयदोष दोन्ही आहेत, आणि पुढच्या उपचारांची सोयही या कार्यक्रमात आहे. पथक गावात येते त्या दिवशी असे मूल घरात ठेवले जाते, 'त्याला कशाला न्यायचे' म्हणून. त्या दिवशी अंगणवाडीत सर्वांत आधी न्यायचे ते त्यालाच.

हृदयानंतर थायरॉइड. त्याची रक्ततपासणी जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाने आणि पुढे दरवर्षी करायची. कान आणि डोळे तपासायचे, कारण कानाची नळी अरुंद असते, पाणी साचते, ऐकू कमी येते आणि आपण समजतो की मुलाला कळतच नाही. स्नायू सैल असतात म्हणून मान उशिरा धरते, चालायला उशीर लागतो. त्यासाठी व्यायाम शिकून घेऊन ते घरीच रोज करून घ्यायचे. मानेचा सांधाही कच्चा असू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांट्या उड्या मारू द्यायच्या नाहीत. बोलणे उशिरा येते, पण समज बोलण्याच्या पुष्कळ पुढे असते. म्हणून त्याच्याशी बोलत राहायचे, खुणांनी बोलायचे, चित्रांनी बोलायचे. यातले कुठलेच काम फार मोठ्या शहरात गेल्याशिवाय होत नाही असे नाही.

ही मुले किती शिकतात? शंभर मुलांची शंभर उत्तरे आहेत. आपल्या राज्यात या प्रश्नावर पहिले मोठे काम झाले ते एका आईबापाच्या गरजेतून. मुंबईच्या वकील दांपत्याच्या मुलीला, दीनाला, डाऊन सिंड्रोम होता. तिला घेणारी शाळा नव्हती म्हणून १९४४ साली त्यांनी स्वतःच शाळा सुरू केली. तिचीच आज जय वकील फाउंडेशन ही मोठी संस्था झाली आहे. पुण्याच्या गौरी गाडगीळ हिचे नाव तर घरोघरी पोहोचले. पोहण्यात तिने आंतरराष्ट्रीय विशेष ऑलिम्पिकपर्यंत मजल मारली. तिच्यावर महेश लिमये यांनी काढलेला 'यलो' हा चित्रपट २०१४ साली आला, तेव्हा पडद्यावर मोठेपणची गौरी तिने स्वतःच साकारली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या कामाचा खास उल्लेख झाला. सगळी मुले गौरी होणार नाहीत; सगळी धडधाकट मुले तरी कुठे सचिन तेंडुलकर होतात? पण भाजी निवडणे, हिशेबाची नाणी ओळखणे, एकट्याने दुकानातून साखर आणणे, गुरांना पाणी दाखवणे आणि स्वतःची सही करणे, ही कामे योग्य वयात शिकवली तर पुष्कळांना येतात.

आता मी माझ्या टेबलाकडे वळतो.

१९९४ साली मी घाटाखालच्याच एका शाखेत अधिकारी होतो. कापसाचे चुकारे झाल्यावर एक शेतकरी आपल्या बावीस वर्षांच्या धाकट्या मुलाला घेऊन आला. मुलगा डाऊन सिंड्रोमचा, अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. त्याच्या नावावर चाळीस हजार रुपये ठेवायचे होते. मुलाला सही येत होती. त्याच्या बहिणीने दोन वर्षे पाटीवर गिरवून घेऊन त्याला नावाची तीन अक्षरे शिकवली होती. त्याने ती काउंटरवर उभे राहून, जीभ बाहेर काढून, सावकाश लिहून दाखवली. वरिष्ठांनी खाते उघडायला नकार दिला. मी क्षेत्रीय कार्यालयाला लिहिले. चार महिन्यांनी उत्तर आले, की न्यायालयाने नेमलेला पालक आणावा.

बाप खामगावला वकिलाकडे गेला आणि तिथे एक विचित्र गोष्ट कळली. अज्ञान मुलांसाठी पालक नेमायचा कायदा होता, पण हा मुलगा सज्ञान. मनोरुग्णांसाठी १९८७ चा कायदा होता, तो १९९३ साली अमलात आला होता. पण त्याच्या व्याख्येतून मतिमंदत्व स्पष्टपणे वगळले होते. वगळले ते योग्यच होते, कारण मतिमंदत्व हा मनोविकार नव्हे. पण त्यामुळे या मुलासाठी जिल्ह्याच्या न्यायालयात अर्ज कुठल्या कायद्याखाली करायचा, हा प्रश्न उरला. परत येऊन तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "सायेब, कायदा म्हन्ते पोरगं येडं नाही. बँक म्हन्ते शहाणं नाही. मंग आमी पैसे ठेवाचे कुठी?"

त्याने ते थोरल्या मुलाच्या नावावर ठेवले. थोरला चांगला होता, भावावर जीव टाकणारा होता. १९९९ साली बाप गेला. वारसांची यादी द्यायची वेळ आली तेव्हा आई, थोरला आणि बहीण अशी तीन नावे दिली गेली. धाकट्याचे दिले नाही, कारण 'त्याला काय करायचे आहे?' फेरफार झाला. २००३ साली थोरला महामार्गावर अपघातात गेला. ठेव त्याच्या नावाची, म्हणून ती रीतसर त्याच्या बायकोला आणि मुलांना मिळाली. तिने त्यातून घरावर पत्रे टाकले आणि मुलीचे लग्न केले. दिराला ती आजही जेवू घालते. या सगळ्या हकिकतीत कुणीही लबाडी केली नाही. तरीही शेवटी त्या माणसाच्या नावावर ना रुपया होता, ना गुंठा. २००८ च्या कर्जमाफीच्या वेळी सगळे सातबारे निघाले तेव्हा बहिणीच्या लक्षात आले. ती मला शोधत आली. "माह्या भावाचं नाव कुठंच नाही, सायेब. रासनकार्डावर आहे तेवढं."

तेव्हापासून मी हे पाहत आलो आहे. रेशनकार्डावर अशा माणसाचे नाव असते, कारण नावामागे धान्य येते. सातबाऱ्यावर नसते, कारण तिथे नावामागे जमीन जाते.

हे काही आजचे नाही. १९२८ साली इंग्रज सरकारने हिंदूंच्या वारसाहक्काचा कायदा सुधारला. आंधळे, बहिरे, पांगळे यांना पूर्वी वारसा नाकारला जाई, तो त्या कायद्याने मिळाला. मात्र जन्मापासून बुद्धीने अधू असलेल्याचे नाव त्यातून मुद्दाम वगळले गेले. ते वगळणे संपले १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग असल्यामुळे कोणाचाही वारसाहक्क जाणार नाही, असे त्याचे २८ वे कलम स्पष्ट सांगते. म्हणजे कायदा बदलून सत्तर वर्षे होत आली. पण गावात वारस सांगताना घरच्यांच्या तोंडी अजून १९२८ च आहे. आणि नाव लागलेच, तरी दुसरी वाट असते ती हक्कसोड लेखाची. भोळ्या भावाला नवा सदरा घालून दुय्यम निबंधकाकडे न्यायचे आणि अंगठा घ्यायचा. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करणाऱ्याला त्या वेळी तो समजला पाहिजे आणि आपले हित-अहित ठरवता आले पाहिजे. 'भोया' आहे म्हणून त्याला कागदावर घ्यायचे नाही आणि 'भोया' आहे म्हणूनच अंगठा घ्यायचा, या दोन्ही गोष्टी एकाच घरात होतात.

त्या बापाला जी वाट १९९४ साली नव्हती ती पुढे झाली. १९९९ साली संसदेने राष्ट्रीय न्यास कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी तो आहे. डाऊन सिंड्रोमच्या माणसांना त्याचा लाभ मिळतो तो यातल्या मतिमंदत्वाच्या, म्हणजे आजच्या भाषेत बौद्धिक दिव्यांगतेच्या आधारे. या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते आणि ती अठरा वर्षांवरच्या अशा व्यक्तीसाठी पालक नेमू शकते. आईबाप किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. मला बँकवाला म्हणून यातली एक तरतूद फार आवडते. पालकाने नेमणुकीनंतर सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यायचा. या समितीचे पालकत्वाचे प्रमाणपत्र बँकांनी मान्य करावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ साली कळवले.

त्यानंतर आला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा. त्याचे १३ वे कलम म्हणते, की दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, वारसाने मिळवण्याचा आणि आपले पैशाचे व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्या व्यवहारात गुंतला असेल तर त्याने त्यातून बाजूला व्हावे, असेही त्याच कलमात आहे. हक्कसोडीला नेणाऱ्या प्रत्येक भावाने हे वाक्य वाचावे. या कायद्याचा रोखच असा आहे की पालक हा त्या माणसाच्या जागी बसणारा धनी नव्हे. जिथे अडेल तिथे, अडेल तेवढेच, त्याच्याशी बोलून ठरवणारा सोबती. ज्याला आपले खाते समजते, ज्याला सही येते, त्याच्यासाठी पालक नेमायची घाई करू नये. सही आधी शिकवावी, पालक नंतर शोधावा.

हा प्रश्न आताच एवढा मोठा का झाला, तेही समजून घ्यायला हवे. पाश्चात्त्य देशांतले आकडे सांगतात, की १९८० च्या सुमारास डाऊन सिंड्रोमचे माणूस सरासरीने पंचवीस वर्षे जगत असे. आज ते साठीपर्यंत जाते. हृदयाच्या शस्त्रक्रिया, प्रतिजैविके, थायरॉइडच्या गोळ्या यांनी ही वर्षे दिली. पूर्वीच्या आया देवाकडे मागत, 'माझ्या आधी याला ने.' ते मागणे ऐकताना अंगावर काटा येतो, पण ते बहुधा खरेही होत असे. आता मूल आईबापांच्या मागे वीस-पंचवीस वर्षे राहणार आहे. आमच्यामागे याचे कोण, या प्रश्नाचे उत्तर आता देवावर सोपवून चालणार नाही. ते लिहून ठेवावे लागेल.

त्या बहिणीने उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील केले. तीन वर्षे लागली, पण सातबाऱ्यावर भावाचे नाव चढले. मग तिने समितीकडून पालकत्व घेतले. भावजयीने विरोध केला नाही. उलट आपल्यामागेही दिराची सोय लागली म्हणून ती मोकळी झाली. तो आता पन्नाशीच्या पुढे आहे. मध्यंतरी तो गप्प राहू लागला, दिवसभर झोपू लागला, सहीतली अक्षरे विसरू लागला. अशा माणसांना स्मृतिभ्रंश लवकर गाठतो, कारण त्या आजाराशी संबंधित एक जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच आहे. घरच्यांनी तसेच धरले होते. पण तसे ठरवण्याआधी थायरॉइड, कान आणि मोतीबिंदू तपासायचे असतात. त्याचे थायरॉइड फार कमी निघाले. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत तो पुन्हा पंगतीत पाणी वाढू लागला. तीन अक्षरांपैकी दोन तो लिहितो. तिसरे बहीण दाखवते तेव्हा.

ज्यांना अशी बहीण नाही त्यांचे काय? आमच्याच विदर्भात, परतवाड्याजवळच्या वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या शंभराहून अधिक मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना सांभाळले. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामातली एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. त्यांनी या मुलांना बापाच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षे पूर्ण झाली की मूल बालगृहाबाहेर, हा नियम अशा मुलांना लावू नये म्हणून ते वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. अठराव्या वाढदिवशी कुणी मतिमंदाचा शहाणा होत नाही, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

आपण सगळे शंकरबाबा होऊ शकत नाही. पण आपल्या घरात, भावकीत, गल्लीत असे माणूस असेल तर काही कामे करता येतात. जन्मदाखला आणि आधार यांवर एकच, पूर्ण आणि सारखे नाव असावे. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढावे. निराधार योजनेचे अनुदान आणि राष्ट्रीय न्यासाचा एक लाखापर्यंतचा 'निरामय' आरोग्य विमा यांची वाट तिथूनच जाते. बाप किंवा आई सरकारी नोकरीत असेल तर अशा मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते, पण त्याची नोंद आपण हयात असताना करून ठेवावी. मृत्युपत्र करावे आणि त्यात त्याच्या वाट्याबरोबर तो वाटा कोण सांभाळील हेही लिहावे. ठेव भावाच्या नावावर ठेवू नये, भाऊ कितीही चांगला असला तरी. त्याच्याच नावावर ठेवावी. आणि मूल अठरा वर्षांचे झाले की, पालक लागणार आहे की नाही, हे त्याला शेजारी बसवून ठरवावे.

दरवर्षी २१ मार्चला जागतिक डाऊन सिंड्रोम दिन असतो. एकविसाव्या गुणसूत्राचे तीन, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख. संयुक्त राष्ट्रे २०१२ पासून तो पाळतात. आपल्याकडे मार्च हा हिशेबाचा महिना. कर्जाचे हप्ते, घरपट्टी, शेतसारा यांसाठी आपण एकदा तरी कागदांची पिशवी काढतोच. ती काढली की त्याच्या नावाचे कागद वेगळे करून पाहावेत. गावाने त्याला भोया म्हणायचे की नाही ते गाव ठरवील. तलाठ्याच्या दप्तरात मात्र भोया असे लिहिता येत नाही. तिथे त्याचे स्वतःचे नाव लागते, बापाच्या नावासकट आणि आडनावासकट.